ते काळे ढग माझे होते

वहिनी, दादा, प्राची, आणि इथं जमलेले सगळे जण. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. हातातली कामं टाकून आलात. मला जरा वेळ लागेल.  दुःखामुळे लागेल असं म्हणालो तर तुम्ही विश्वास ठेवाल, पण ते अर्धंच खरं होईल. मला लाज वाटते आहे. 

माझं नाव प्रशांत. बरेच जण ओळखता. वर्ध्यात माझं फोटोचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. आपल्या फोटो मंडळातल्या सगळ्यांचे फोटो आधी माझ्याकडे येतात, मी ते कॉम्प्युटरवर सारखे करतो आणि मगच मंडळाच्या नावानं सगळ्यांच्या मोबाईलवर टाकतो. हा आपला नियम आहे. आज मला सांगितलं होतं की, मनोहरभाऊंच्या फोटोग्राफीवर चार शब्द बोल. बोलतो. पण भाऊंच्या फोटोग्राफीवर बोलण्याआधी मला माझ्या करामतीवर बोलावं लागेल.

माझ्या मागे हा फ्लेक्स लावला आहे. एका बाजूला भाऊंचा चेहरा, आणि मागे तलाव. काळं पाणी. वर काळे ढग, आता फुटतील असे. कुठं माणूस नाही, पाखरू नाही. खाली अक्षरं आहेत, 'शांततेच्या शोधात'. हा भाऊंनी काढलेला शेवटचा फोटो, असं तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. तुमच्या मोबाईलवर आला आहे. पेपरात छापून आला आहे. आत येताना दोघातिघांनी या फोटोला हात जोडले, ते मी पाहिलं.

मित्रांनो, हा फोटो भाऊंचा नाही. हा माझा आहे. ते ढग माझे आहेत. ते काळं पाणी माझं आहे. ते दोन शब्द पण माझेच आहेत. भाऊंनी असं काहीही पाहिलं नव्हतं आणि असं काहीही काढलं नव्हतं.

थांबा. कुजबुज करू नका. मला सलग सांगू द्या, नाहीतर मी मध्येच बसून घेईन.

भाऊंना तुम्ही ओळखता, पण प्राचीच्या सासरची मंडळी आली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. मनोहरभाऊ वीज खात्यात लाइनमन होते. मूळचे रोहण्याचे, घर सिंदी मेघेला. या जिल्ह्यातल्या किती खांबांवर ते चढले असतील, त्याचा त्यांना स्वतःलाही पत्ता नसेल. रिटायर झाले तेव्हा लेकीनं, प्राचीनं, त्यांना चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाईल घेऊन दिला. तेव्हापासून भाऊ फोटो काढत सुटले. दिसेल ते. नाला, बाभळीचं झाड, बैलांचं पाणी पिणं, रस्ता, पुन्हा तोच नाला.

आज शोकसभा आहे म्हणून खोटं बोलणार नाही. भाऊंचे फोटो काही फार चांगले नव्हते. हसा, हसा. वहिनीही हसल्या बघा. भाऊंच्या फोटोत जमीन नेहमी एका बाजूला कलंडलेली असायची. कोपऱ्यात त्यांचा अंगठा यायचा. खाली पाहावं तर त्यांचेच पाय. मी म्हणायचो, "भाऊ, पाय काऊन येते तुमचे प्रत्येक फोटोत?" ते म्हणायचे, "मी तिथं उभा होतो ना बे. पाय नाई येईन तं काय येईन?"

आणि तारा. भाऊंच्या प्रत्येक फोटोत विजेच्या तारा. मंडळात आम्ही सगळे तारा पुसून टाकणारे. सुंदर टेकडी, मध्ये तार, फोटो खराब. मी एकदा त्यांच्या फोटोतल्या तारा पुसल्या आणि त्यांना दाखवायला नेला. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी चष्मा लावला, मोबाईल जवळ घेतला, लांब धरला. म्हणाले, "तार कुठं गेली?" मी म्हणालो, काढली. "मंग गावात लाइन कुठून येऊन राह्यली आता?" मी म्हणालो, भाऊ, तार फोटोत चांगली दिसत नाही. तर म्हणाले, "ते लाइन मी ओढली लेका, भर मे महिन्यात. तू बसल्या बसल्या एका बोटानं तोडली."

मी हसलो. दुकानात चार जणांना सांगितलं, तेही हसले. फोटो मात्र मी बिनतारेचाच टाकला.

आता हे कॉम्प्युटरवर काय करतात, ते ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. फोटो उघडायचा. आधी उजेड कमी करायचा. मग रंग उतरवायचे, हिरव्यातला हिरवेपणा काढायचा, मातीतला लाल काढायचा. चारी कोपरे काळे करायचे, म्हणजे नजर मधोमध जाते. आणि आभाळ कोरं असेल तर ते कापून टाकायचं आणि दुसरं बसवायचं. माझ्याकडे आभाळांचा साठा आहे. वादळाचं, संध्याकाळचं, धुक्याचं. कुठल्या कुठल्या देशातली आभाळं आहेत ती. या मागच्या फ्लेक्सवरचे ढग कोणत्या तरी समुद्रावरचे आहेत. कोणता समुद्र, मलाही माहीत नाही. याला आम्ही मूड देणं म्हणतो. "प्रशांत, फोटोले मूड दे जरा." हे वाक्य मी दिवसभर ऐकतो.

काऊन करतो आम्ही हे? मी या दिवसांत खूप विचार केला. आपल्या इकडचं ऊन पांढरं. सगळं स्वच्छ दिसतं, सगळं सपाट दिसतं. त्याला लोक 'वा' म्हणत नाहीत. तोच फोटो काळवंडला की 'वा, काय खोली आहे' म्हणतात. उदास दिसलं की ते मोठं वाटतं, आणि हसरं दिसलं की साधं वाटतं. आम्हाला आमचाच जिल्हा साधा वाटत होता. आम्हाला आमच्या उन्हाची लाज वाटत होती. लाज कशाची वाटायला पाहिजे, ते आता समजलं.

भाऊंनी मला सावध केलं नव्हतं असं नाही. तळेगावकडचा कापसाचा एक फोटो होता त्यांचा, वेचणीच्या दिवसांतला. पांढरंशुभ्र वावर आणि वर निळं आभाळ. मी त्याच्यावर काळे ढग चढवले आणि सकाळी टाकला. दुपारी तळेगावच्या त्यांच्या एका जुन्या सोबत्याचा त्यांना फोन. तो गेलता नागपूरले पोरीकडे. तिथून घाबरून विचारत होता, "मनोहर, पाऊस येऊन राह्यला काय बे? माह्या कापूस फुटून हाय सारा." भाऊ थेट माझ्या दुकानात आले. त्या दिवशी रागावलेले होते. म्हणाले, "प्रशांत, आपल्या इकडं असं अंधारून आलं तं लोक फोटो नाई काढत, ताडपत्री घेऊन पळते. मानसाच्या पोटात गोळा येते हे पाहून. तुले त्यात मजा दिसते?"

मी म्हणालो, भाऊ, ही कला आहे. हो, असंच म्हणालो मी. छाती पुढे काढून म्हणालो.  भाऊ पंख्याखाली बसले, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, "माह्या फोटोची तं नको करत जाऊ कला." पुन्हा दुसऱ्या दिवशी फोटो पाठवलाच. मी पुन्हा केलाच.

आता त्या दिवसाचं सांगतो.

दादा, भाऊंचे सख्खे भाऊ, त्यांच्या घरची लाइन सारखी जात होती, म्हणून भाऊ आदल्या संध्याकाळी रोहण्याला गेले. रात्री दादांकडेच राहिले. सकाळी मोटरसायकलनं सिंदी मेघेला परत यायला निघाले. वाटेत तलाव लागतो. सकाळी दुकान उघडत होतो तेव्हा माझ्या मोबाईलवर त्यांचा फोटो आला. मी पाहिला, ओझरता पाहिला. तलाव, निळं आभाळ, आणि खाली पुन्हा पाय. मनात म्हणालो, आले भाऊ पायासकट. आणि मोबाईल ठेवून दिला.

त्यानंतर काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. कपडे धुवायला आलेल्या बायांनी आरडाओरडा केला. लोकांनी बाहेर काढलं. उशीर झाला होता. भाऊंचा मोबाईल गाळात सापडला, तो बंद पडला तो पडलाच. म्हणजे तो फोटो आता फक्त माझ्याकडे होता. साऱ्या जगात फक्त माझ्याकडे.

दुपारी मला बातमी कळली. मी रडलो. हे खरं सांगतो, मी रडलो. आणि डोळे पुसून मी कॉम्प्युटर चालू केला.

माझ्या मनात काय होतं विचाराल, तर श्रद्धांजलीच होती. भाऊंचा शेवटचा फोटो लोकांसमोर जावा. पण जसा होता तसा कसा जाईल? मृत्यूचा फोटो, आणि आभाळ असं निळं? कमळं अशी गुलाबी? मला ते बरं दिसेना. मी आभाळ काढलं, ढग बसवले. तारा होत्या वर, त्या पुसल्या. कमळांचा रंग काढून टाकला, ती आता पाण्यावरच्या डागांसारखी दिसतात, बघा मागे. पाणी काळं केलं. आणि खालचा भाग कापून टाकला. खाली पाय होते, आणखी काही काही होतं. पाय मला दिसले. पण माणसाचे पाय म्हणून नाही दिसले. फोटोतला कचरा म्हणून दिसले.

मग मी लिहिलं, 'शांततेच्या शोधात'. आणि टाकून दिला.

लोकांनो, संध्याकाळपर्यंत तो फोटो कुठल्या कुठे गेला. अनोळखी लोक लिहीत होते, काय दृष्टी होती, काय वेदना होती. आणि तिकडं भाऊंना घरी आणत होते, आणि मी गर्दीत उभा राहून खिशातला मोबाईल थोडा बाहेर काढून पाहत होतो, आणखी कोणी काय लिहिलं. ज्याच्यासोबत रोज चहा घेतला तो माणूस अंगणात ठेवला होता, आणि मी माझं कौतुक वाचत होतो. हे कोणी पाहिलं नाही. मीच सांगतो आहे.

मग कुजबुज सुरू झाली. तुम्हाला माहीत आहे कोणती. आज ती मोठ्यानं बोलावी लागेल. भाऊ घसरले नाहीत, भाऊंनी जीव दिला. पायरीवर डोकं आपटल्याची खूण आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण ते कोण ऐकतं? लोकांकडे फोटो होता. बघा म्हणे, त्या माणसाच्या मनात किती अंधार होता. बघा, लिहूनच गेला, शांततेच्या शोधात. चपला पायरीवर व्यवस्थित काढून ठेवल्या होत्या, तेही लोकांना आठवलं. आदल्या रात्री घर सोडून भावाकडे गेले होते, तेही आठवलं. आणि मग सगळ्यांची नजर कुठं वळली? वहिनींकडे.

राख सावडायच्या दिवशी वहिनींना साऱ्या बायकामाणसांत विचारलं गेलं, "घरी काही बोलनं झालतं काय?" वहिनींनी सांगितलं, काही नाही झालं. सकाळी फोनवर बोलणं झालं, मी शिंगाडे आणा म्हणाले, ते हो म्हणाले. कोणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. शिंगाडे कुठं आहेत, असं कोणी तरी म्हणालं. मी तिथं होतो. मी ऐकलं. आणि मला वाटलं, घरातल्या गोष्टीत आपण कशाला पडायचं. अहो, ती घरातली गोष्ट माझ्या दुकानातून निघाली होती.

दादा, तुम्ही मान खाली घालू नका. तो प्रश्न तुम्ही विचारला, पण तो तुमच्या तोंडात मी घातला. सख्खा भाऊ गेलेला, आणि हातात मी दिलेला फोटो. कोणीही विचारलं असतं.

तेरवी झाली. आजची सभा ठरली. मंडळानं मला हा फ्लेक्स करायला सांगितला. भाऊंचा चेहरा हवा म्हणून परवा मी वहिनींकडे गेलो. वहिनींनी अल्बम आणून ठेवला, मी चेहरा निवडला आणि उठलो. तेव्हा त्यांनी मला विचारलं. फार हळू विचारलं. "प्रशांतभाऊ, तुमच्यापाशी ते रोज येत होते. एवढे उदास होते काय ते? मले काऊन नाई दिसलं? इतके वर्ष एका ताटाजवळ बसलो, मले काऊन नाई दिसलं?"

मी काय बोललो असेन?  मी "येतो" म्हणालो आणि निघालो. चपला उलट्या घातल्या पायात, इतकी घाई होती मला तिथून निघायची.

दुकानात आलो आणि शटर अर्धं ओढून घेतलं. चेहरा बसवून फ्लेक्स छापायला टाकला. मग मी भाऊंचा मूळ फोटो उघडला. इतके दिवस तो माझ्याकडे पडून होता. आणि मी तो पहिल्यांदा पाहिला. नीट पाहिला. जसं एखाद्या माणसानं पाठवलेला फोटो पाहावा तसा पाहिला.

आज मी तो छापून आणला आहे. या टेबलावर कापडाखाली आहे. आता काढतो. मागच्यांना दिसत नसेल तर नंतर पुढे या, सगळ्यांनी या, मी इथंच उभा आहे. छोटा आहे. मी याला बोट लावलेलं नाही. वाकडा आहे, वाकडाच छापला आहे.

हे आभाळ बघा. निळं. कार्तिकात आपल्याकडे असतं तसंच, धुतल्यासारखं. ह्या तारा. त्यांनीच ओढल्या असतील कधीतरी. ही कमळं, गुलाबी, चांगली टपोरी. आता इथं खाली बघा. जो भाग मी कापून फेकला, तो बघा. ह्या घाटाच्या पायऱ्या. हिरव्या दिसतात ना? ते शेवाळ आहे. पाण्यापासून वर दोन-तीन पायऱ्यांपर्यंत नुसतं शेवाळ. ह्या पायरीच्या कडेला काढून ठेवलेल्या चपला. चपलांजवळ ही पिशवी, आणि पिशवीच्या तोंडाशी काळे काळे जे दिसतात, ते शिंगाडे आहेत. पुढे त्या पिशवीचं काय झालं, कोण जाणे. पाण्यात गेली असेल, गुरांनी खाल्ली असेल. पण इथं आहे. वहिनींनी सांगितली होती ती पिशवी इथं आहे.

आणि हे भाऊंचे पाय. पँट बघा. दोन्ही पायांची गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली आहे. नीट, घडी घालून.

कमळ जवळून काढायचं होतं की तोडून घरी न्यायचं होतं, मला माहीत नाही. ते आता कोणालाच कळणार नाही. पण बुडायला निघालेला माणूस पँट भिजू नये म्हणून वर दुमडत नाही. आणि घरी जायचं नसेल तर शिंगाडे घेत नाही. भाऊ घसरले. शेवाळावरून घसरले. एवढंच झालं आहे. एवढंच. आणि ते सांगणारी एकच गोष्ट या जगात होती, ती मी कापून टाकली, कारण ती मला सुंदर दिसत नव्हती.

काल सकाळी मी हा फोटो घेऊन पुन्हा वहिनींकडे गेलो. पहिल्यांदा त्यांना दाखवला. त्यांनी आभाळ नाही पाहिलं, कमळं नाही पाहिली. त्यांनी एकदम खाली बोट ठेवलं. म्हणाल्या, "पँट वर घेतली त्याईनं." मग पिशवीवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग मला विचारलं, "हे तुमच्यापाशी कधीपासून होतं?" मी म्हणालो, त्याच दिवसापासून.

वहिनींनी मला माफ केलं, असं मी इथं सांगणार नाही. केलेलं नाही. चहा सुद्धा ठेवला नाही, आणि बरोबर केलं. मी माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, "मले सांगून काय होते? जिथं जिथं पसरलं, तिथं तिथं सांगा." मी म्हणालो, सांगतो वहिनी, सभेतच सांगतो, आणि तो फ्लेक्स काढून टाकतो. तर म्हणाल्या, "नाई. राहू द्या तो. लोकाईले दोन्ही पाहू द्या. तुमी काय केलं ते पाहू द्या."

म्हणून तो मागे आहे. म्हणून मी त्याच्यासमोर उभा आहे.

कोणी तरी म्हणेल, प्रशांत, तू मुद्दाम थोडंच केलं. मुद्दाम नाही केलं, खरं आहे. मी वाईट मनानं काहीच केलं नाही. मला फक्त फोटो चांगला करायचा होता. ह्याचीच मला जास्त लाज वाटते. वाईट मनानं केलं असतं तर कुठं तरी हात थांबला असता. हात एकदाही थांबला नाही. एका बाईच्या संसारावर मी काळं फासत होतो, आणि मला वाटत होतं की मी रंग जुळवतो आहे.

आता माझी एक विनंती आहे. तो काळा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये असेल तर नुसता पुसून मोकळे होऊ नका. तो तुम्ही कोणाला पाठवला होता, ते आठवा. त्याच माणसाला हा पाठवा. मी सगळ्यांना देतो. आणि सोबत सांगा, भाऊ पाय घसरून गेले, घरी यायला निघाले होते, शिंगाडे घेऊन निघाले होते. पेपरवाल्यांकडे मी सकाळी जाऊन आलो. ते छापतील की नाही, माहीत नाही. काळा फोटो जितका पळाला तितका हा पळणार नाही, हेही मला माहीत आहे. ह्यात ढग नाहीत. म्हणून तुमच्या पायांची मदत पाहिजे. घरी जाऊन, ओट्यावर बसून, तोंडानं सांगा. जी कुजबुज तोंडानं गेली ती तोंडानंच परत आणावी लागेल.

आणि मंडळासाठी सांगतो. आजपासून माझ्याकडे फोटो सारखे करायला पाठवू नका. लग्नाचे अल्बम मी करेन, पोट आहे. पण कोणी उभं राहून, डोळ्यानं पाहून काढलेलं आभाळ मी बदलणार नाही. तुम्हाला माझ्याशिवाय दुसरा कोणी मिळेल. मिळाला तर त्याला ही गोष्ट सांगा.

भाऊ, तुमच्याविषयी काही चांगलं बोलायचं राहूनच गेलं. तुम्ही चिडायचे. एकच नाला दहा वेळा पाठवायचे. सकाळी सकाळी फोन करून "पाह्यला का?" विचारायचे, आणि मी न पाहताच "पाह्यला भाऊ, मस्त हाये" म्हणायचो. तुम्ही सुखी माणूस होता. हे मी आज सगळ्यांसमोर सांगतो. तुम्हाला दुपारचं ऊन आवडायचं, तुम्हाला घरचं जेवण आवडायचं, तुम्हाला वहिनींनी सांगितलेली कामं करायला आवडायची, आणि तुम्ही त्यातलंच एक काम करत होता. तुमच्या मनात अंधार नव्हता. तो माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. अशा वेळी आपण डोळे मिटतो आणि मान खाली घालतो. आज तसं करू नका. डोळे उघडे ठेवा आणि या छोट्या फोटोकडे पाहा. आभाळाकडे पाहा, पायांकडे पाहा. वहिनी गेले इतके दिवस सिंदी मेघेच्या गल्लीतून, किराण्याच्या दुकानातून, आपल्या सगळ्यांच्या समोरून मान खाली घालून जात आहेत. काहीही केलेलं नसताना.

उठा सगळे. वहिनी, तुम्हीही उठा. तुम्ही मान वर ठेवा. आज खाली घालायची ती मी घालतो.